एका जिल्ह्याचे दोन निकाल

४ जून २०२४ ला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने एकाच दिवशी दोन कौल दिले, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट होते. शहर, कन्नड, गंगापूर आणि वैजापूर मिळून जो लोकसभा मतदारसंघ होतो, तिथे महायुतीचे, म्हणजे एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे संदिपान भुमरे १,३४,६५० मतांनी निवडून आले. त्याच जिल्ह्यातले पैठण, फुलंब्री आणि सिल्लोड हे विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत मोडतात. तिथे सलग पाच वेळा खासदार झालेले भाजपचे रावसाहेब दानवे लाखाहून अधिक मतांनी पडले आणि काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले. मतदान दोन्हीकडे १३ मे रोजीच झालं होतं. ऊन तेच, कापूस-सोयाबीनचे भाव तेच, टीव्हीवरची भाषणंही तीच.

त्या संध्याकाळी सगळी चॅनेलं सांगत होती की देशाने कौल दिला. मी मात्र आमच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे बघत बसलो होतो. देशाचा कौल असा एकच एक असेल, तर तो जिल्ह्याच्या मधोमध असा दुभंगला कसा? तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो आहे, आणि जितकं खोलात जावं तितकं नवल वाढतच चाललं आहे.

आधी जिल्हा दुभंगणारी ती रेघ पाहू. ती २००८ च्या परिसीमनातून आली. जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा. त्यातल्या सहा एका लोकसभेत गेल्या आणि तीन शेजारच्या जालन्याला जोडल्या गेल्या. त्यामुळे वेरूळची लेणी औरंगाबाद मतदारसंघात आली आणि अजिंठ्याची जालन्यात गेली. आमच्या शहराला ज्या जायकवाडीचं पाणी येतं, ते धरण पैठणला, म्हणजे तेही जालन्याच्या खासदाराच्या हद्दीत. उन्हाळ्यात नळाला कितव्या दिवशी पाणी येणार यावर इथे प्रत्येक निवडणूक तापते, पण ज्या धरणातून ते यायचं तिथल्या गावांचा लोकसभेचा उमेदवारच वेगळा असतो. आणखी एक गंमत अशी की भुमरे हे वर्षानुवर्षं पैठणचे आमदार. ज्या लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा मुंबईला पाठवलं, त्यांना दिल्लीसाठी भुमऱ्यांना मत देताच आलं नाही. (शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं, तरी लोकसभा मतदारसंघ निवडणूक आयोगाच्या यादीत अजून १९ क्रमांकाचा ‘औरंगाबाद’ म्हणूनच आहे, कारण मतदारसंघांची नावं त्याच परिसीमनाच्या आदेशातून येतात.)

आता रेघेच्या वर चढून दिल्लीकडे पाहा. लोकसभेच्या ५४३ जागा. २०१९ मध्ये भाजपला ३७ टक्क्यांच्या थोडी वर मतं मिळाली आणि जागा आल्या ३०३. २०२४ मध्ये त्याच पक्षाला साडेछत्तीस टक्के मतं मिळाली आणि जागा आल्या २४०. मतांत एक टक्क्याचीही घट नाही, आणि ६३ जागा गेल्या! मतदानोत्तर चाचण्या करणाऱ्या बहुतेक संस्थांनी १ जूनला एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ आल्या. त्या संस्थांना मी फार दोष देणार नाही. लोक कुणाला मत देणार याचा अंदाज एका टक्क्याने चुकणं हे माणसाच्या हातून सहज होतं, पण आपल्या पद्धतीत तो एक टक्का नेमका कुठे सांडला यावर पन्नास-साठ खासदार अवलंबून असतात.

महाराष्ट्रात तर याहून विलक्षण झालं. महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या एकूण मतांत जेमतेम टक्काभराचा फरक होता. जागा मात्र ३० विरुद्ध १७. उरलेली एक जागा सांगलीची, ती अपक्ष विशाल पाटलांनी घेतली. राज्यभरातल्या मतपेटीत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, आणि खासदारांच्या बाकावर एका बाजूला जवळपास दुप्पट माणसं. कारण साधं आहे. आपल्याकडे मतदारसंघात जो पहिला येतो तो सगळं घेऊन जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मतं मोजली जातात, जाहीर होतात, पण त्यांचा खासदार होत नाही. ब्रिटनमध्येही हीच पद्धत आहे, आपण ती तिथूनच घेतली. आपल्या निकालानंतर बरोबर एका महिन्याने, ४ जुलै २०२४ ला तिथे मतदान झालं. मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा.

हे सगळं मोठ्या आकड्यांचं झालं. खरं नवल पाहायचं तर २०१९ च्या आमच्या शहरात यावं लागेल.

त्या वर्षी महाराष्ट्रात भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. युतीच्या हातून निसटलेल्या सात जागांपैकी एक आमची होती. १९९९ पासून सलग चार वेळा निवडून आलेले शिवसेनेचे चंद्रकांत खैरे हरले, आणि एमआयएमचे इम्तियाज जलील जिंकले. जलील पूर्वाश्रमीचे पत्रकार, तेव्हा औरंगाबाद मध्यचे आमदार. त्यांना ३,८९,०४२ मतं, खैरेंना ३,८४,५५०. फरक ४,४९२.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, त्याच्यापाशी थोडं थांबा. मतदारसंघात मतदान केंद्रं साधारण दोन हजार. एका मतदाराने बाजू बदलली की एकाचं मत कमी होतं आणि दुसऱ्याचं वाढतं, म्हणजे फरक दोनाने बदलतो. ४,४९२ चा फरक उलटवायला २,२४७ माणसं पुरली असती. दोन हजार केंद्रांवर मिळून सव्वादोन हजार माणसं, म्हणजे दर केंद्रामागे एक माणूस आणि वर थोडं. बारा लाखांच्या आसपास लोकांनी मतदान केलं, आणि दिल्लीत आमच्या वतीने कोण बसणार हे प्रत्येक केंद्रावरच्या एका माणसाने ठरवलं असतं. तो एक जण त्या दिवशी कदाचित शेतावर गेला असेल, कुणी लग्नाला गेला असेल, कुणाचं नाव यादीत सापडलं नसेल. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, इतकं ते खरं वाटेना.

आता तिसरा आकडा. कन्नडचे हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे होते, चिन्ह ट्रॅक्टर. त्यांना २,८३,७९८ मतं पडली. कुठल्याही मोठ्या पक्षाचा आधार नसताना एका अपक्षाला पावणेतीन लाखांहून जास्त मतं, ही गोष्ट त्या निवडणुकीत जलीलांच्या विजयाइतकीच मोठी होती. जाधव आधी शिवसेनेचे आमदार, २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांची बरीच मतं एरवी खैरेंकडे गेली असती, असं मानायला जागा आहे. दुसरीकडे जलीलांच्या मागे प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीची ताकद होती, कारण त्या वेळी वंचित आणि एमआयएम एकत्र होते. काँग्रेसचे सुभाष झांबड ९१,७८९ मतांवर थांबले. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाइतकीही मतं मिळाली नाहीत तर अनामत रक्कम जप्त होते, ती त्यांची झाली. जलीलांना एकूण मतांपैकी सुमारे ३२ टक्के मिळाली. याचा अर्थ तीन मतदारांपैकी दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं, आणि तरीही निकाल पूर्णपणे कायदेशीर आणि खरा होता. भुमऱ्यांनाही २०२४ मध्ये ३६ टक्क्यांच्या आसपासच मतं होती. हे कुण्या एका पक्षाचं भाग्य नाही, तिरंगी-चौरंगी लढतीत असंच होतं.

२०२४ मध्ये बहुतेक जण सरळ हिशेब करत होते. शिवसेना फुटली आहे. धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाकडे गेलं, आणि ज्या धनुष्यबाणावर खैरे आजवर लढत आले ते आता त्यांच्यासमोरच्या उमेदवाराच्या हातात. ठाकरे गटाच्या खैरेंकडे मशाल. दोन सेनांत मतं विभागणार आणि एमआयएमचा पतंग पुन्हा उडणार. चहाच्या टपरीवर, शहागंजात, सिडकोत, वाळूजच्या कंपन्यांच्या गेटवर हाच हिशेब ऐकू यायचा. तो कागदावर चोख होता. निकाल आला तेव्हा भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८० आणि खैरे २,९३,४५०. फुटलेल्या सेनेचा एक तुकडा पहिला आला आणि दुसरा तिसरा. दोन्ही सेनांची मतं मिळून साडेसात लाखांच्या वर गेली. २०१९ मध्ये एकसंध सेनेला त्याच्या निम्मी होती!

या वेळी वंचित आणि एमआयएमची युती नव्हती. वंचितचे अफसर खान ६९,२६६ मतं घेऊन चौथे आले. जलीलांची मतं २०१९ च्या तुलनेत ४७,५६२ ने घटली. तरी अफसर खान यांची सगळी मतं जलीलांच्या पारड्यात टाकून पाहिली तर बेरीज ४,१०,७४६ होते, आणि ती भुमऱ्यांच्या आकड्याला गाठत नाही. म्हणजे केवळ मतविभागणीने हा निकाल समजत नाही. मला वाटतं, २०१९ चा ४,४९२ हा आकडा इथल्या मतदारांच्या मनात पाच वर्षं घर करून होता. मतदार आकडे विसरतो असं पुढाऱ्यांना वाटतं. या शहरात तरी तो विसरला नव्हता. ज्यांना पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं त्यांनी दोन सेनांपैकी जी पुढे जाईल असं वाटलं तिच्यामागे मत टाकलं, आणि हर्षवर्धन जाधव पुन्हा उभे असूनही त्यांची मतं या वेळी चाळीस हजारांच्या घरात आली. उरलेल्या मराठवाड्यात मात्र प्रश्नच वेगळा होता. अंतरवाली सराटीतून मनोज जरांगे पाटलांनी उभं केलेलं आरक्षणाचं आंदोलन, शेतमालाचे पडलेले भाव आणि दोन पक्ष फुटल्याचा राग यांनी तिथली निवडणूक व्यापली. जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव या सातही जागा महायुतीच्या हातून गेल्या. बीडमध्ये बजरंग सोनवणेंनी पंकजा मुंडेंना ६,५५३ मतांनी हरवलं. आठांपैकी एकटं आमचं शहर महायुतीकडे राहिलं.

२०१९ ला राज्य एका दिशेला आणि आम्ही दुसऱ्या. २०२४ ला राज्य फिरलं, तर आम्हीही फिरलो, पण पुन्हा उलट बाजूला. मागे गेलं तर हे नवं नाही. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची जी लाट आली तिच्यात महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा त्या पक्षाने जिंकल्या. उरलेल्या पाचांत राजापूरचे मधू दंडवते, मुंबईचे दत्ता सामंत, बारामतीचे शरद पवार होते, आणि एक औरंगाबादचे साहेबराव पाटील डोणगावकर, पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे. १९९१ मध्येही काँग्रेसने राज्यात ३८ जागा मिळवल्या, तेव्हा इथे शिवसेनेचे मोरेश्वर सावे निवडून आले. त्याआधी १९७७ ला समाजवादी बापू काळदाते, १९८० ला काँग्रेसचे उर्दू शायर काझी सलीम. समाजवादी वक्ता, उर्दू कवी, शिवसैनिक, एमआयएमचा माजी पत्रकार. इतके वेगळे आवाज एकाच जागेवरून दिल्लीला गेले, असे मतदारसंघ देशात फार सापडणार नाहीत. हे शहर मुद्दाम उलटं चालतं असं मला वाटत नाही. इथे मतदारांचे जे गट आहेत ते कुठल्याही राज्यव्यापी लाटेत पूर्ण विरघळत नाहीत, आणि तीन-चार उमेदवार तोलामोलाचे उभे राहिले की इथलं गणित इथेच सुटतं.

आता ज्या ठिकाणी हे गणित सुटतं तिथे आत जाऊ. २०२४ ची आमची मतमोजणी बीड बायपासवरच्या एमआयटी महाविद्यालयात झाली. बाहेर बॅरिकेड, पोलीस, उन्हात उभे कार्यकर्ते. आत प्रत्येक विधानसभा मतदारसंघाचा वेगळा कक्ष आणि कक्षात साधारणपणे १४ टेबलं. कोणता कर्मचारी कोणत्या टेबलावर बसणार हे संगणकाच्या सोडतीने त्याच दिवशी पहाटे ठरतं, म्हणजे आदल्या रात्री कुणालाच माहीत नसतं. आठ वाजता टपाली मतं उघडतात. अर्ध्या तासाने यंत्रं टेबलावर येतात.

टेबलावर येतं ते फक्त कंट्रोल युनिट. आपण ज्याच्यावर बटण दाबतो ते बॅलट युनिट वेगळं. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, आणि ‘नोटा’ धरून नावं त्याहून जास्त झाली की दुसरं, तिसरं युनिट जोडावं लागतं. २०२४ मध्ये आमच्याकडे ३७ उमेदवार होते, म्हणून केंद्राकेंद्रावर तीन-तीन युनिटं ओळीने मांडलेली. मतांचे आकडे मात्र राहतात कंट्रोल युनिटमध्ये. मोजणी पर्यवेक्षक आधी त्याची सीलं आणि त्यांवरचे क्रमांक उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवतो. हे प्रतिनिधी जाळीच्या पलीकडे, हातात कागद-पेन घेऊन बसलेले. त्यांच्यापाशी मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाने सही करून दिलेला फॉर्म १७-सी असतो, त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते लिहिलेलं. यंत्राने दाखवलेला एकूण आकडा आणि कागदावरचा आकडा आधी जुळवतात. जुळला की निकालाच्या बटणावरचं हिरवं कागदी सील फोडून ते बटण दाबतात. छोट्याशा पडद्यावर आकडे उमटू लागतात. उमेदवार क्रमांक एक, इतकी मतं. उमेदवार क्रमांक दोन, इतकी मतं. एकामागून एक ३७ जण, शेवटी नोटा. जाळीपलीकडचे सगळे पक्षांचे लोक एकाच वेळी तेच आकडे उतरवून घेतात. एखाद्याला नीट दिसलं नाही तर पुन्हा दाखवतात.

एका केंद्राचा आकडा पाचशे, सातशे, फार तर हजार मतांचा असतो. कुणाच्या तरी गावची शाळा, तिथली खोली क्रमांक एक, १३ मेची ती सगळी रांग त्या पडद्यावर येऊन जाते. नव्वदीच्या आजीबाई, पहिल्यांदा मत देणारी मुलगी, पुण्याहून रात्रीच्या एसटीने खास मतदानाला आलेला मुलगा, सगळे एका ओळीतल्या एका अंकात. मला या क्षणाइतकं भारावून टाकणारं दुसरं काही आपल्या सार्वजनिक जीवनात दिसत नाही.

टीव्हीवर आघाडी-पिछाडी का हेलकावे खाते, याचंही उत्तर या टेबलांपाशीच आहे. पहिल्या फेरीत केंद्र क्रमांक १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८, अशी मोजणी क्रमाने चालते. केंद्रांचे क्रमांक भूगोलानुसार दिलेले असतात. त्यामुळे एक फेरी म्हणजे सलग लागून असलेली काही गावं किंवा काही मोहल्ले. एखादा उमेदवार चौथ्या फेरीला वीस हजारांनी पुढे असतो आणि दहाव्या फेरीला मागे पडतो, तेव्हा कुणाचं मन बदललेलं नसतं. मोजणी फक्त एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेलेली असते. यंत्रांतली सगळी मतं तर २२ दिवस आधीच पडून, कुलूपबंद स्ट्राँग रूममध्ये, कॅमेऱ्यांच्या आणि बंदुकधारी जवानांच्या पहाऱ्यात बसलेली होती. यंत्रांतला निकाल १३ मेच्या संध्याकाळीच तयार होता. ४ जूनला आपण तो फक्त वाचला.

यंत्राने खरं सांगितलं का, याची पडताळणीही तिथेच होते. मत दिल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे जी चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते, त्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठी काढून निवडतात. आमच्या सहा विधानसभा धरून तीस केंद्रं. लोकांच्या मनात यंत्राविषयी शंका असेल तर तिला उत्तर देण्याची जागा हीच आहे, आणि माझं मत असं की ही संख्या वाढवली तर तिथे जाणारा वेळ वाया गेला असं कुणी म्हणणार नाही.

टपाली मतांना लोक किरकोळ समजतात, म्हणून मुंबईचं एक उदाहरण सांगतो. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला यंत्रांची मोजणी संपली तेव्हा ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४,५१,०९४ वर होते. नऊ लाखांहून जास्त मतांत एका मताचा फरक! टपालाने कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५० मतं दिली, आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. टपालाने मत देतात ते कोण? सीमेवरचे जवान, निवडणुकीच्या कामावर जुंपलेले शिक्षक आणि कर्मचारी, घरातून मत देणारे ८५ च्या वरचे म्हातारे, अपंग मतदार. समजा तो हिशेब अगदी बरोबरीत सुटला असता, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे चिठ्ठी टाकून खासदार ठरला असता. महापालिकेच्या निवडणुकीत तसं घडलेलंही आहे, २०१७ मध्ये मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात.

मराठवाड्यात बसून हे सगळं पाहताना आणखी एक गोष्ट मनात येते. आपण इथे मतदान करू लागलो त्याला फार दिवस झालेले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. आपला राज्यकर्ता निवडणं दूरच, त्याच्याविरुद्ध बोलल्याबद्दल माणसं तुरुंगात जात होती. त्यानंतर चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, इथल्या प्रत्येक प्रौढ माणसाला मत होतं. जहागीरदाराला एक आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईलाही एक. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, वर त्याचं चिन्ह. १९५७ ला याच औरंगाबादने स्वामी रामानंद तीर्थांना लोकसभेत पाठवलं. ज्यांनी निजामाच्या तुरुंगात दिवस काढले, ते आता लोकांच्या मतावर संसदेत गेले. आमच्या आधीच्या पिढ्यांनी हा बदल डोळ्यांदेखत पाहिला आणि तो अंगवळणीही पाडून घेतला, हे मला आजच्या कुठल्याही निकालापेक्षा मोठं आश्चर्य वाटतं.

एका गोष्टीची काळजीही वाटते. मतपत्रिकांच्या काळात आयोगाला गरज वाटेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकमेकांत मिसळता येत, म्हणजे कुठल्या गावाने कुणाला मत दिलं हे झाकलं जाई. यंत्रांमुळे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळतो आणि तो फॉर्म २० मध्ये छापून येतो. निकालानंतर पुढारी हाच कागद घेऊन बसतात. कुठल्या गावाने लीड दिला, कुठल्या वॉर्डाने दगा दिला, हे त्यावरून ठरतं, आणि मग रस्ता कुठे होणार, टँकर कुठे येणार यावर त्याची सावली पडते. अनेक केंद्रांचे आकडे एकत्र करून दाखवणारं ‘टोटलायझर’ नावाचं उपकरण जोडावं, असं निवडणूक आयोगाने सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. ती यायला हवी. पाचशे-सातशे माणसांच्या वस्तीचं मत उघड्यावर ठेवणं म्हणजे गुप्त मतदान अर्धंच गुप्त ठेवणं आहे.

आणि तरीही, त्या कागदाचा एक उपयोग तुमच्या-माझ्यासाठी आहे. लोकसभेनंतर साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले. राज्यात महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या, आणि आमच्या जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा तिच्याकडे गेल्या. ज्या पैठण, फुलंब्री आणि सिल्लोडने जूनमध्ये दानव्यांना घरी बसवलं, त्यांनीही. त्याच दिवशी औरंगाबाद पूर्वमध्ये भाजपचे अतुल सावे, मोरेश्वर साव्यांचे चिरंजीव, जलीलांपुढे अवघ्या २,१६१ मतांनी निभावले. लाडकी बहीण योजना, उमेदवार, आघाड्यांतली भांडणं, कारणं पुष्कळ सांगितली गेली. यातलं तुमच्या गल्लीत नेमकं कोणतं लागू पडलं, हे दिल्ली-मुंबईत बसलेला कुठलाही विश्लेषक सांगू शकत नाही. तुम्ही शोधू शकता. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. आपल्या मतदार चिठ्ठीवरचा केंद्र क्रमांक घ्या, २०१९ ची लोकसभा, २०२४ ची लोकसभा आणि २०२४ ची विधानसभा, तिन्हींतली आपल्या केंद्राची ओळ शेजारी शेजारी लिहून काढा. मध्ये क्रमांक बदलला असेल तर शाळेच्या नावावरून शोधा. आणि संगणकासमोर बसलाच आहात, तर मतदार यादीत घरातल्या सगळ्यांची नावं आहेत ना, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.